वाऱ्या मरायला हवा

सांगली,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आण्णा,

तुम्हाला आणि आईला जयभीम. मी बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे? आईला म्हणावं, साताऱ्यात अजून थंडी आहे, पहाटे अंगण झाडायला बाहेर पडू नको.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. फौजेतल्या सवयीनं तुम्हाला कागदावरचंच खरं वाटतं.

बातमी चांगली आहे. इथल्या चित्रपट महोत्सवानं माझा 'वाऱ्या' मुख्य स्पर्धेत घेतलाय. रविवारी खेळ आहे. उडणाऱ्या माणसाच्या सिनेमाला ही मंडळी आजवर दारात उभं करत नव्हती. फार तर मुलांच्या विभागात, सकाळच्या खेळाला. यंदा पेपरात आलंय, 'सुपरहिरोच्या सिनेमालाही दिग्दर्शक असतो, हे या मुलीनं दाखवून दिलं.' कात्रण सोबत आहे. वाचू नका हवं तर, पण टाकू नका.

तुम्ही पाहिला नाही, म्हणून थोडक्यात सांगते. पाटणच्या पठारावर पवनचक्क्या राखणारा एक तरुण. एक दिवस वारा त्याच्या अंगात शिरतो आणि तो उडायला लागतो. दरड कोसळते तेव्हा अख्खी वाडी बाहेर काढतो आणि शेवटी स्वतःच ढिगाऱ्याखाली सापडतो. सगळे हात टेकतात. मग माती हलते आणि तो उठतो.

परवा परीक्षकांच्या अध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, "दिग्दर्शनाचं पारितोषिक तुमचंच आहे असं समजा. परदेशातही शिफारस करू. फक्त तो शेवट पोरकट आहे. ढिगाऱ्यावरच थांबवा. मेला तर कलाकृती, उठला तर खेळणं." शुक्रवारपर्यंत नवी प्रत हवीय.

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. इतकी वर्षं ज्याच्या त्याच्या दारात ऐकलं, 'टॉवेल बांधून पोरं उडवणार का?' आता पहिल्यांदा कुणी खुर्ची पुढे सरकवलीय, आण्णा.

आणि तुम्ही? दिवाळीत म्हणालात, "खरा जवान मरतो, पोरी. ह्यो तुझा मरत न्हाई, म्हंजी ह्यो खोटा." त्यानंतर बोलला नाहीत. म्हणजे तुमचं आणि अध्यक्षांचं म्हणणं एकच, वाऱ्या मरायला हवा.

प्रबुद्धचं नाव या पत्रात घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. पण त्याच्या चौकीवर बर्फ कोसळलं, त्या दिवसापासून मी एकच जागा शोधत होते, जिथं माझा भाऊ उठून उभा राहील. ती सापडली, आणि तीच कापायला सांगतायत.

काय करू? शुक्रवारच्या आत कळवा.

प्रियदर्शनी


सातारा,
गुरुवार

प्रियदर्शनीस आण्णाचा जयभीम.

गुडघा हाय तसाच. शेजारचा मानसिंग सांगलीला निघालाय, त्याच्याच हाती ही चिठ्ठी देतोय. पोस्टानं उशीर व्हईल.

तुला वाटतं म्या शिनिमा बघितला न्हाई. बघितलाय. दिवाळीत इथं लागला तवा मानसिंगनं वढून न्हेलं. दरड आली, त्यो खाली गेला, आन मी उठलो. पुढं बसवंना. भाईर गाड्यावर थांबलो. खेळ सुटल्यावर मानसिंग डोळं पुसत आला. म्या इच्चारलं, "गेला का रं?" म्हनला, "न्हाई गड्या, उठला की!" लय राग आला मला. कुनाचा, ते अजून कळलं न्हाई. तुझ्यावर काढला.

तुझ्या अध्यक्षांना म्हनावं, पोरगं पेटीतनं घरी येतं तवा काय असतं ते मला इच्चारा. आमाला ती उघडू बी दिली न्हवती. कला बिला काय न्हवती तितं.

पर मी हुकूम देनार न्हाई. शिनिमा तुझा, कमांड तुझी. मला यायला जमनार न्हाई. शनिवारच्या यष्टीनं आईला धाडतोय. तिनं अजून बघितला न्हाई. तिला काय दावायचं, ते तू ठरव.

आण्णा


सांगली,
सोमवार, १० फेब्रुवारी

आण्णा,

आई सुखरूप आहे. आठवडाभर ठेवून घेते.

शुक्रवारी अध्यक्षांना सांगितलं, शेवट आहे तसाच राहील. ते म्हणाले, "मग माझा नाइलाज आहे." दिग्दर्शनाचं पारितोषिक दुसऱ्याला गेलं, परदेशाचं नावही निघालं नाही. मला 'मनोरंजनासाठी' म्हणून एक शाल मिळाली. ती आईनं तिथल्या तिथं पांघरली.

खेळाला मी आईच्या शेजारी बसले होते. परीक्षकांची भीती नव्हती, आईची होती. दरड कोसळली तशी ती खुर्चीच्या कडेला आली. पडद्यावर नुसती माती. आणि आई मोठ्यानं म्हणाली, "ऊठ रं. ऊठ माझ्या राजा."

लोक वळून बघायला लागले. पुढच्याच रांगेतले अध्यक्षही वळले. बघत राहिले, आणि मग त्यांनी मान खाली घातली.

वाऱ्या उठला. मला वाटलं, आता ही कोसळणार. तिनं पदरानं नाक पुसलं आणि मला म्हणाली, "लय येळ लावला गं त्यानं."

पारितोषिकाचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. रात्रभर वाटत होतं, चुकले का? अजूनही अधूनमधून वाटतं.

एक राहिलंय. घरी आले की तुम्ही प्रबुद्धच्या फोटोकडं बघता. मी त्याच्याच शेजारी उभी असते, आण्णा. हे तोंडानं कधी सांगता आलं नाही.

गुडघा बरा झाला की या. पूर्ण बघवला नाही तर तुमच्याबरोबर मीही उठेन.

तुमची हयात लेक,
प्रियदर्शनी