ओट्यावरचं ताट

पुणे, ९ डिसेंबर १९७१

ती. सौ. रंगुवहिनींस धाकट्या दिराचा, बन्सीचा दंडवत. दादांनी हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवावं, मधलं काही गाळू नये.

वहिनी, गुडघ्यांची सूज उतरली. काल दवाखान्याच्या मोरीपर्यंत काठीवाचून गेलो.

डॉक्टरांना मी नुसते गुडघेच दाखवले हुते. पोटाचं सांगायची लाज वाटली. त्यांनी खोदून विचारलं, तवा परसाकडला रक्त पडतंय हे कबूल केलं. ते म्हणाले, "अरे, आतड्याला सूज आहे. काही जणांत तेच दुखणं सांध्यांत उतरतं. आजार एकच."

वर्षभर मी ताटावरून मधीच उठायचो, ते पोटात कळ यायची म्हणून. पंगत सोडून ओट्यावर पाय सोडून जेवायचो, ते मांडी वळत नव्हती म्हणून. तुमच्या कालवणाला मी कधी नाव ठेवलं न्हाई. वेगळी चूल तर मुळीच नको हुती.

पाठ बी आखडते, म्हणून तिचा एक्स-रेचा फोटो काढलाय, त्याचं अजून कुणी बोललं न्हाई. तुमी घोर करू नका. काष्टीच्या बाजारातून आणलेली गाय व्याली का?

पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. दादा, वाटणीचं बोलणं तेवढं थांबवा. आन् वहिनी, माझं ताट पंगतीतच मांडा. मांडी वळेपर्यंत बुडाखाली दोन पाट द्या.

तुमच्या हातचं जेवून वाढलेला,
बन्सी