आधी सही, मग वकिली

१७ मे, शनिवार

लागला नंबर! कांचनवाडीच्या लॉ युनिव्हर्सिटीत! यादीतलं स्वतःचं नाव चार वेळा वाचलं, मग मोनालीकडून वाचून घेतलं. मोनाली माझी रूममेट. ती पलंगावर उभी राहून नाचली, तर खालून घरमालकीण ओरडली — "पाडता का घर!"

गावाकडं फोन लावला. आई म्हणाली, "बरं झालं बाई." आणि लगेच, "दादाला सांग." दादाला सांगितलं. सत्यमदादा म्हणाला, "बघू."

बघू!! दोन वर्षं या खोलीत पत्र्याखाली भाजून निघाले, मराठी मीडियमची असून इंग्रजी उतारे घोकले, त्याचं बक्षीस — बघू.

सीट पक्की करायची शेवटची तारीख तेरा जून. पहिली फी तेव्हाच भरायची.

१८ मे, रविवार

गावाकडं आले. गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीप. जीपमध्ये मांडीवर कुणाचं तरी लेकरू आणि पायाशी खताची गोणी, तरी रस्ताभर मी हसतच होते.

घरी पेढे नव्हते. सर्जेराव काका बसलेले, वडलांचे चुलतभाऊ. आप्पा, माझे वडील, गेल्यापासून घरातलं काही ठरवायचं म्हटलं की काका आधी येतात, चहा नंतर. म्हणाले, "वकील व्हायचं म्हणती? अन् उद्या भावावरच केस टाकली तर?"

सगळे हसले. मी पण हसले. मग दिसलं की काका हसत नव्हते.

"मी काय म्हणतो सत्यम, आधी सही, मग वकिली. एकदा हक्कसोड झाली की शिक म्हणावं काय शिकायचं ते."

आप्पा गेले तेव्हा मी आठवीत होते. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली — आई, दादा, मी. मी लहान म्हणून माझ्या नावापुढं 'अज्ञान, पालनकर्ती आई' असा शेरा. एप्रिलमध्ये अठरा पूर्ण झाले. म्हणजे सरकारच्या लेखी मी आत्ता कुठं महिन्याभरापूर्वी शहाणी झाले — आणि पहिलं शहाणपणाचं काम काय, तर सही करून मोकळं व्हायचं!

आमच्याकडं सगळ्याच बहिणी करतात ही सही. रजिस्ट्री ऑफिसात जायचं, आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, भाऊ साडी नेसवतो. न करणारी बाई म्हणजे माहेर विकायला निघालेली.

दादा म्हणाला, "सही कर. पाचही वर्षांची फी मी भरतो. शब्द."

मी म्हणाले, विचार करते. का म्हणाले? नाय म्हणायचं होतं.

२० मे, मंगळवार

भांडण. कडाक्याचं.

मी म्हणाले, जी पोरगी पहिली सही स्वतःचाच हक्क सोडायला करती, ती दुसऱ्यांचे हक्क काय डोंबलाचे मिळवून देणार? काका म्हणाले, "बघ, अजून कॉलेजात गेली नाय अन् भाषण सुरू." आई चुलीपाशी. वर बघितलंच नाय तिनं.

काका गेल्यावर दादा हळू आवाजात म्हणाला, "श्रेया, मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षातनं आलो. आप्पाचं तेरावं झालं अन् चौदाव्या दिवशी कापसाला पाणी दिलं. मी शिक्षण सोडलं, तू हक्क सोड. एवढंच म्हणतो."

 खरंय ते. त्याच्या हाताला घट्टे पडलेत, मला माझ्या हातांची लाज वाटली.

दिवसभर तेच डोक्यात. पण दादा, तुझं शिक्षण मी नव्हतं मागितलं रे. ते आप्पाच्या जाण्यानं गेलं. माझं मात्र तू मागतोयस, समोर बसून, गोड बोलून.

तोंडावर म्हणता आलं नाय. इथं लिहिते.

२१ मे, बुधवार

साडी आली! शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून. मी हो म्हणायच्या आधीच साडी आली!! वांगी रंगाची, बारीक काठाची. आयुष्यात कधी साडी नेसले नाय मी. रंग लई भारी आहे, त्याचाच जास्त राग आला.

२३ मे, शुक्रवार

आज चतुराआत्याला बोलावलं, मला समजवायला. आप्पांची मोठी बहीण. आली, पंख्याखाली बसली, पान लावलं, आणि सुरू — "मी केली सही. हूं की चूं केलं नाय. अजून राखीला आले की पहिलं ताट मला. भाऊ गेला तरी भाचा मान देतो. जमीन काय डोक्यावर घेऊन जायचीय का वर?"

मी विचारलं, "आत्या, किती होती तुझ्या वाट्याची?"

"काय किती?"

"जमीन. किती एकर सोडलीस?"

आत्यानं दादाकडं बघितलं. दादानं आईकडं. आत्या म्हणाली, "ते काय मला म्हाईत नाय बाई. तुझ्या आज्यानं कागद पुढं केला, मी अंगठा दिला. बापाचा कागद कोण वाचतं? वाचायला मागणं म्हणजे बापाला चोर म्हणणं."

मग माझ्याकडंच बघून — "किती होती गं? तुला काढून देता येईल का?"

काका म्हणाले, "अक्का, तुम्ही समजवायला आल्यात की समजून घ्यायला?" सगळे हसले. आत्या हसली नाय. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला, पण समजावलं काहीच नाय. पान तसंच राहिलं हातात.

आता तर नाहीच करणार सही! काय वाटेल ते होवो.

२६ मे, सोमवार

कालच शहरात परत आले. आज कांचनवाडीला जाऊन आले. ज्याच्यासाठी एवढं रामायण, ते डोळ्यांनी बघावं तरी.

गेटवर वॉचमन म्हणाला, "किधर जाना है? कुणाला भेटायचंय?" म्हटलं, "कुणालाच नाय. माझा नंबर लागलाय." तो म्हणाला, "अरे वा, मग जाओ ना बेटा, पण वहीत नाव लिहा." लिहिलं. मोठ्या अक्षरात!

आत कडक ऊन आणि शांत शांत. लायब्ररीच्या काचेतून आत बघत राहिले. एक सीनियर मुलगी भेटली, पाटण्याची. इंग्रजीत काहीतरी फाडफाड बोलली. मला निम्मं कळलं. तिनं विचारलं कुठल्या शाळेची, मी म्हणाले जिल्हा परिषद. ती म्हणाली, "ओह नाइस." तिला वाटलं असेल मोठी शाळा आहे!

मग गेटकडं वळले. पाच वर्षं हे असं? सगळं इंग्रजीत? त्या वर्गात उभं राहून मी तोंड उघडलं तर? परत येताना बसमध्ये वाटलं, चला, सही पण नको आणि हे पण नको, शांतपणे डी.एड. करावं आणि गप बसावं.

मोनालीला सांगितलं तर ती भडकली. म्हणाली, "आमच्या घरात कुणी वकिलीचं नाव काढलं ना, तर आजी पहिली उठून कुंकू नसलेल्या कपाळाला हात लावून जयभीम करती. आमच्याकडं वकिलीला नाय म्हणत नसतात. तुझ्याकडं दाराशी चालून आलीय अन् तू इंग्रजीला भितीस?"

भिते! लिहून ठेवते — भिते मी. पण आप्पानं पोहायला शिकवलं तेव्हा काय केलं होतं? विहिरीत ढकललं होतं. नाकातोंडात पाणी गेलं, रडले, आणि तिसऱ्या दिवशी हात मारायला लागले. इंग्रजी काय विहिरीपेक्षा खोल आहे का?

ठरलं. जायचं तर तिथंच. आता प्रश्न फक्त कसं जायचं.

२७ मे, मंगळवार

बँकेत गेले, एकटी! शैक्षणिक कर्ज. साहेब भला माणूस, समोरचा चहा मला दिला. नंबर बघून म्हणाला, "मिळेल की. सहकर्जदार लागेल. वडील?"

"नाहीत."

"मग भाऊ?"

"भाऊ सही करणार नाय, मी त्याला करेपर्यंत." त्याला काही कळलं नाय. मग म्हणाला, "आईच्या नावावर काही आहे?"

"सातबाऱ्यावर नाव आहे."

"झालं तर मग. सातबारा आणा, आईला आणा."

हे मला आधी कसं सुचलं नाय! आईचं नाव आहे की! दादाच्या हातापाया पडायचं कामच नाय! बँकेच्या पायऱ्या उड्या मारत उतरले, रिक्षावाला म्हणाला, "लॉटरी लगी क्या?"

२८ मे, बुधवार

आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोमवारी गंगापूरला जायचंय. रजिस्ट्रीला."

"मी येणार नाय, सांगितलंय ना."

"तुझी नाय गं. माझी."

काकांनी ठरवलंय. पोरगी आडमुठी आहे, निदान वहिनीची तरी सही उरकून घेऊ. आईचा हिस्सा दादाच्या नावावर. म्हणजे सोमवारनंतर आईचं नाव सातबाऱ्यावरून जाणार, बँकेत दाखवायला काहीच उरणार नाय. त्यांना कर्जाचं माहीत पण नाय, तरी बरोबर तिथंच पाय दिला!

म्हटलं, आई, नको ना करू. निदान तेरा तारखेपर्यंत थांब.

"मी इथं राहते, श्रेया. त्याच्या हातचं खाते. उद्या सून येईल. तू जाशील तुझ्या वाटंनं, मला कुठं जायचंय?"

मग मी बोलले. नको ते बोलले. म्हटलं, तू पण आत्यासारखीच, कुणी कागद पुढं केला की झालं. आप्पा असते तर तुझी लाज वाटली असती त्यांना.

तिनं फोन ठेवला.

आप्पांना कशाला मध्ये आणलं मी? जीभ हासडून टाकावी वाटतीय.

३० मे, शुक्रवार

दोनदा फोन केला. आईनं उचलला नाय.

३१ मे, शनिवार

ठरवून टाकलं. कांचनवाडी गेली तर गेली. राज्याची लॉ सीईटी पण दिलीय मी, शहरातल्या जुन्या लॉ कॉलेजात लागेल नंबर. सकाळी कॉलेज, संध्याकाळी शिकवण्या. वकील तिथून पण होतात. पाच वर्षांनी काळा कोट तोच असतो ना!

पण सही करणार नाय. फीसाठी नाय, साडीसाठी नाय, ताटाच्या मानासाठी नाय. दादाला मेसेज केला: "जमीन तूच कस, मला एक ढेकूळ नको आत्ता. पण नाव राहील." त्याचं उत्तर नाय. निळ्या खुणा झाल्यात, म्हणजे वाचलं.

मोनाली म्हणाली, शाब्बास. मी पण स्वतःला म्हणाले, शाब्बास. आणि मग उशीत तोंड खुपसून भोकाड पसरलं. मला तिथंच जायचं होतं. त्या काचेच्या आत बसायचं होतं. खोटं कशाला लिहू, माझ्याच वहीत!

२ जून, सोमवार

दुपारी तीनला काकांचा फोन. नुसता आरडाओरडा — "काय शिकवलंस तुझ्या आईला?" मी काय शिकवणार, पाच दिवस ती माझ्याशी बोलली नाय! फोन कट.

साडेपाचला दारात आई. एकटी! आजवर कधी एकटी एसटीत बसली नाय ती. पिशवीत दोन भाकरी, ठेचा आणि तलाठ्याच्या शिक्क्याचा सातबारा.

रजिस्ट्रीत फोटो काढून झाला होता, म्हणाली. साक्षीदार उभे. सही करायच्या आधी साहेबानं विचारलं — ते सगळ्यांनाच विचारतात — "मावशी, स्वखुशीनं देताय ना?" आई म्हणाली, "नाय."

"नाय? अगं, मग काय झालं?"

"काय व्हायचंय? त्यानं विचारलं, मी सांगितलं." पाणी प्यायली. चपला काढून कॉटवर बसली. "दादा रुसलाय. रुसू दे, माझाच हाय तो. बँक किती वाजता उघडती?"