घरी कोण आहे?

सोमवार, ९

देव पावला! सूनबाईची शाळेची वेळ ठरली. रोज दुपारी दोनला मोकळी. नव्या करारपत्रात लिहूनच आलंय – तिला विचारल्याशिवाय वेळ बदलायची नाही. आजवर काय, सकाळी चिठ्ठी हातात पडायची, ‘आज सातपर्यंत थांबा’, की झालं! मुलगा फिरतीच्या नोकरीत. मग नात माझ्या गळ्यात, आमची छकुली, आणि माझी संध्याकाळची प्रार्थना बुडाली. कधीपासून दिव्यापुढे हेच एक मागत होते.

हे पेपराआडून म्हणाले, “देव पावला की मुख्याध्यापिका?”

कोणी का पावेना! शनिवारी सही करायची आहे.

मंगळवार, १०

देवळात प्रार्थनेला गेले. खांबाजवळची माझी जागा तशीच होती. शेजारची मात्र रिकामी. तिथे सूनबाईच्याच शाळेतल्या विज्ञानाच्या बाई बसतात. पहिला सूर त्याच लावतात. आज त्या नाहीत म्हणून कोणीतरी भलताच वर धरला – अर्ध्यातच सगळ्यांचे गळे बसले. देवानेही कानांवर हात ठेवले असतील.

बुधवार, ११

आजही नाहीत.

गुरुवार, १२

सूनबाई भांडी पुसत होती. सहज विचारलं, “तुमच्या विज्ञानाच्या बाई आजारी आहेत का गं?”

तिचा हात थांबला. “नाही आई. उशिराचे वर्ग आता त्यांना दिलेत. सोमवार ते गुरुवार, सातपर्यंत. आधी दोघींत फिरते असायचे.”

“त्यांनी मागितले?”

“छे! मुख्याध्यापिका म्हणाल्या, तिला काय, घरी कोण आहे!”

त्यांच्या करारपत्रात विचारण्याबिचारण्याचं काही नाही. नुसतं ‘शाळेच्या गरजेनुसार’. एकाच शाळेत, एकाच कामाला दोन तऱ्हेचे कागद!

हिशेबाची एवढी सवय, आणि मला हे सुचू नये? माझ्याकडे जे जमा झालं, ते कुणाच्या तरी खर्ची पडलंच असणार. देवाकडे वेळ मागितली. तो ती कुणाच्या पदरची काढून देईल, हे काही विचारलं नाही.

शुक्रवार, १३

भाजीवाल्याकडे विज्ञानाच्या बाई भेटल्या. “काय काकू, देवाला माझी गैरहजेरी कळवलीत ना?” हसत होत्या. मला राहवेना. म्हटलं, “घरी कोण आहे, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या म्हणे तुमच्याबद्दल.”

हसू गेलं. “मी आहे ना! माझ्या घरी मी असते, काकू. एवढं माणूस पुरत नाही का?”

मग उगाच टोमॅटो उलटेपालटे करत राहिल्या. माझी मान वर होईना.

जेवताना सूनबाईनेच विषय काढला. “निम्म्या संध्याकाळी मी घेतल्या तर?”

हे म्हणाले, “हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. सही करून मोकळी हो.”

“पण बाबा, माझी सोय त्यांच्या जिवावर...” पुढे बोलली नाही. छकुलीला कोण बघणार, हेही बोलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते न बघणंच मला लागलं.

मी ताटं उचलली. देवाशी मनात बरंच भांडून झालं. मग बाहेर येऊन म्हटलं, “मंगळवार-गुरुवार छकुलीचे. सोमवार-बुधवार माझे. बदलायचे असतील तर आधी मला विचारायचं – आणि मी नाही म्हटलं तर ऐकायचं.”

“अरे बापरे! हिचंही करारपत्र!” हे.

सूनबाई मात्र हसली नाही. “मान्य,” म्हणाली. डोळे भरले होते तिचे.

शनिवार, १४

सही न करताच परत आली. मुख्याध्यापिका चिडल्या – “तुमची सोय केली, वर तुम्हीच दुसरीची वकिली करता? मग दोघींनाही गरजेनुसार लिहिते!” सोमवारी सांगणार आहेत.

म्हणजे हातचंही जायचं? आज दिव्यापुढे बसले, पण काय मागावं ते कळेना. नुसती बसून राहिले.

सोमवार, १६

दोघी मिळून गेल्या. दोघींनीही आपापले कागद सही न करताच टेबलावर ठेवले. वर्ष सुरू होतंय, मुख्याध्यापिका दोन-दोन नव्या शिक्षिका कुठून आणणार? शेवटी दोघींना एकच मजकूर. संध्याकाळी निम्म्या-निम्म्या, बदल करायचा तर महिनाभर आधी विचारून. मुख्याध्यापिकांनी सूनबाईला विचारलं म्हणे, “घरी चालेल ना?” ही म्हणाली, “सासूबाईंच्या अटी आधीच मान्य केल्यात.”

काय जीभ आहे!

मंगळवार, १७

छकुलीला मांडीवर घेऊन बसले होते. प्रार्थनेची वेळ झाली. यांनी पेपराची घडी घातली, छकुलीला उचललं. “जा तू. मी आहे ना घरी.”

निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली. हा माणूस घरी असतो – माझ्यासुद्धा हिशेबात कधी आलं नव्हतं!