तपासलेला हिरवा रोबो

३ फेब्रुवारी, मंगळवार

खेळण्याने नेमकं किती सोसलं, म्हणजे ते मुलाच्या हातात द्यायला योग्य झालं? मला खरंच सांगता येत नाही. बी.एस्सी.त हे कुणी शिकवलं नाही. इथे नियमात आकडे आहेत, म्हणून आकड्यावर थांबायचं.

आज हिरवा रोबो तपासला. अकरा पायऱ्यांत त्याची गाडी होते — आधी छाती उघडायची, डोकं आत, मग हात मागे, शेवटी पाय दुमडायचे. तीनशे वेळा केलं! अंगठ्याला फोड आला. रोबो असताना लोखंडी पाटावर चारदा टाकला, गाडी असताना चारदा. टवकासुद्धा उडाला नाही. सही केली. माझ्या एकटीची पहिली सही.

तपासणीचे मोठे सर म्हणाले, "आणखी थोडा वेळ बसलीस तर तुझीच गाडी होईल."

आई याच कारखान्यात सतरा वर्षं पॅकिंगला आहे. संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या बायांना सांगून टाकलं होतं. "पदवी भिंतीवर टांगलीय, ती बघतंय कोण? ही सही घरोघरी जाणार!"

४ फेब्रुवारी, बुधवार

आई दिवसभर खोक्यांवर 'तपासलेले'ची पट्टी चिकटवत होती. घरी आली ती बोटं चोळत, पण खुशीत.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रंग उडालेला एक रोबो सरांना विचारून घरी आणला, ताईच्या छोटीसाठी. पाच वर्षांची आहे. सूचनांचा कागद तिने आधी फेकला. छाती उघडलीच नाही, सरळ हात मागे ओढला. अडकला. मग गुडघ्याखाली धरून दाबला — कट्! खांद्यावरचं चाक निखळलं आणि आतली पोलादी खीळ बाहेर आली. नखाएवढीच, पण टोकदार.

"याला लागलं," म्हणत तिने त्याला गालाशी धरलं.

ओरखडा डाव्या डोळ्याच्या दोन बोटं खाली आहे. दोन बोटं!

ताई कापूस शोधत म्हणाली, "अगं, हे तूच तपासलंस ना?" टोमणा नव्हता तो. म्हणूनच जास्त लागला.

तीनशे वेळा केलं मी. तीनशेही वेळा बरोबर केलं. एकदाही चुकले नाही — तिथेच चुकले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी नवे पाच रोबो घेतले आणि मुद्दाम उलट्या क्रमाने दुमडले. तीन रोबोंची चाकं निघाली. तशीच सरांकडे गेले.

"कागदाप्रमाणे केलं होतंस ना? मग तुझं काही चुकलं नाही."

"पण सर, मूल कागद वाचत नाही."

"मूल खेळणं चावेल, जिन्यावरून फेकेल, शेजारच्याच्या डोक्यात घालेल. कशाकशाची चाचणी घेणार आहेस?" मग खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "माल सोमवारी निघतोय. सही मागे घ्यायची तर लेखी दे. नीट विचार कर."

माणूस वाईट नाही. मी कायम व्हायला अजून एक महिना आहे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. दोघांनाही आठवत होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली.

"लाइन बंद पडली तर आम्ही अठ्ठावीस जणी घरी बसू. कळतंय ना?"

"कळतंय."

"मंगळवारी पास, शनिवारी नापास! शिकलेल्या पोरीला आपलंच काम कळत नाही, म्हणतील."

मग छोटीला जवळ ओढलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. ओरखडा बराच वेळ बघितला. तिला सोडलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन दिवस थांब. एवढा माल जाऊ दे. पुढच्याला काय ती सुधारणा करा."

मी म्हटलं, "बरं."

८ फेब्रुवारी, रविवार

आईने आज मला दोनदा वाढलं. दुसऱ्यांदा वाढलेलं मी छोटीच्या ताटात सरकवलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ट्रक रिकामा परत गेला. लाइन थांबली. आई दुपारी तपासणीच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "सरांनाच बुद्धी झाली बघ. तुझ्यावर काही आलं नाही."

नाही, आई. पत्र मी शुक्रवारीच दिलं होतं. चार वाजता, पोच घेऊन. इथेही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुझ्यासमोर उभी राहू शकले नसते. तू 'थांब' म्हणालीस तेव्हा थांबवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हे सगळं तिला तिथेच, दारात सांगितलं. मग पॅकिंगमध्ये जाऊन उरलेल्या सत्तावीस जणींना.