डेलाचं गंगावन

टॅमरॅक लेक, इंडियाना
रविवार, १४ ऑगस्ट १९६६

प्रिय डेला हिला,
वेन्डेलचे अनेक आशीर्वाद.

वेणी जमिनीवर पडते तेव्हा आवाज होतो, हे तुझी वेणी कापेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. केसांचा कसला आलाय आवाज, असं कुणीही म्हणेल. पण तुझी वेणी मनगटाएवढी जाड आणि माझ्या न्हाव्याच्या दुकानात खाली लाकडी फळ्या. नावाड्याने दोरखंडाचं वेटोळं धक्क्यावर टाकावं तसा 'धप्' आवाज झाला, आणि तू आरशात बघून म्हणालीस, "मेली एकदाची." बेचाळीस वर्षं झाली. आज चर्चमधून येऊन ओसरीवर बसलो होतो, कारण काही नव्हतं, आणि तो आवाज कानात आला.

मी बरा आहे. डावा गुडघा कुरकुरतो, पण त्याचं बोलणं मी मनावर घेत नाही. टोमॅटो यंदा इतके आलेत की शेजारीण मला बघून दार लावून घेते. तळ्यावरचा नाचाचा मंडप शेवटी पाडला, तिथे आता बोटी भाड्याने देतात. पाडत होते त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. एक फळी मागून आणली आहे. तू हसशील. हस.

मे महिन्यात शिकागोहून बँड यायचा आणि तळ्याच्या पाण्यावरून सॅक्सोफोन थेट आपल्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आई खिडकी लावायची, आणि थोड्या वेळाने उकडतंय म्हणून पुन्हा उघडायची. तुझे गुडघ्याखाली गुंडाळलेले रेशमी मोजे, कमरेचा पत्ता नसलेला तो निळा झगा. "पीठ भरायची पिशवी नेसून चाललीस का गं?" असं मी विचारलं होतं, आणि तू म्हणालीस, "हो, आणि तुझ्यासारखे दहाजण ती उचलायला रांगेत उभे आहेत." शाळेत शुक्रवारी दुपारी कविता म्हणायला उभं करायचे तेव्हा मी चंद्रावरच्या ओळी डोळे मिटून म्हणायचो आणि पोरं हसायची. तुला नाचताना पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, त्या ओळी खऱ्या असाव्यात.

बघ, पुन्हा कवितेत शिरलो. मला लिहायचं आहे ते दफनभूमीबद्दल.

तुझं जुलैचं पत्र मिळालं. दफनभूमीच्या समितीला नवा नकाशा करायचा आहे, आईशेजारची जागा तुझ्या नावावर आहे, ती हवी की नको ते सप्टेंबरअखेर कळवायचं आहे. तू लिहिलंस, 'देऊन टाक कुणालाही. त्या बाईच्या शेजारी मला झोपवू नकोस.' फॉर्म माझ्या टेबलावर आहे. त्यावर मी सही केलेली नाही. तीन वेळा पेन उचललं.

त्या बाईबद्दल थोडं लिहितो. ऐकून घे.

वीस साली बायकांना मत मिळालं तेव्हा आई चर्चची हॅट घालून, हातमोजे चढवून पहिल्या रांगेत उभी राहिली होती. जेमतेम सही करता यायची तिला. मत कुणाला दिलं ते मला नाही, बाबांना नाही, मरेपर्यंत कुणालाही सांगितलं नाही. मी खनपटीला बसलो तर म्हणाली, "सरकारने पहिल्यांदा मला काहीतरी माझं दिलंय. ते तुला कशाला वाटू?" पोटात गोष्ट ठेवणं तिला जमायचं. मला नाही जमत. तोंड चालवल्याशिवाय न्हाव्याचा हात चालत नाही.

तू नोकरीला लागलीस तेव्हाचा तो शाळेचा करार मला अजून पाठ आहे. शिक्षिकेने केस कापू नयेत, नाचाला जाऊ नये, परक्या पुरुषाबरोबर मोटारीत बसू नये. तू तो मला मोठ्याने वाचून दाखवलास आणि म्हणालीस, "दादा, श्वास घेण्याबद्दल काही लिहायचं राहिलंय बहुतेक." आणि मार्चमधल्या त्या रविवारी, दुकानाच्या खिडकीचे पडदे ओढून, आपण दोघांनीच ते केलं. पुरुषांच्या खुर्चीत बाई बसलेली मी पहिल्यांदा पाहत होतो. मग कापलेल्या वेणीचं मीच रात्री जागून गंगावन केलं. मुळाशी जाळी, आत चार आकडे, वर अंबाडा. सोमवारी तू ते लावून वर्गात गेलीस आणि कुणाला संशयसुद्धा आला नाही. माझ्या हातून त्याआधी किंवा त्यानंतर इतकं चांगलं काम झालं नाही, डेला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ही बढाईच सगळ्याच्या मुळाशी आहे म्हणून सांगतो.

एप्रिलात आईला ते गंगावन तुझ्या आरशापाशी सापडलं. ती रडली, ओरडली. "शाळा समितीला दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच जाऊन सांगते," असंही म्हणाली. ते तू ऐकलंस. तेवढंच तू ऐकलंस.

मे महिन्याचा दुसरा शनिवार. दुकानात एक फिरता विक्रेता आला होता, वस्तरे आणि तेलं विकणारा. तो सांगू लागला, शेजारच्या गावच्या न्हाव्याकडे बायकांची रांग लागते, असा बॉबकट करतो की शिकागोतही तसा होत नाही. मला ते सोसेना. मी म्हणालो, "या जिल्ह्यातला पहिला बॉबकट मी केलाय. माझ्या बहिणीचा. आणि गंमत म्हणजे, कुणाला पत्ता नाही. रोज शाळेत जाते, डोक्यावर माझं गंगावन लावून. शाळा समितीचे म्हातारे समोरून टोपी काढून नमस्कार करतात."

विक्रेता पोट धरून हसला. मीही हसलो. खुर्चीतलं गिऱ्हाईक मात्र हसलं नाही.

खुर्चीत, तोंडावर गरम टॉवेल घेऊन, हॅरगेट बसले होते.

शाळा समितीचे अध्यक्ष. मीच पाच मिनिटांपूर्वी त्यांना बसवलं होतं, मीच टॉवेल पिळून घातला होता. टॉवेल घातला की माणसाचं तोंड दिसेनासं होतं, आणि न्हाव्याच्या लेखी तो माणूस राहत नाही, दाढी मऊ व्हायला ठेवलेली असते. मी टॉवेल काढला. त्यांचे डोळे उघडे होते. ते एवढंच म्हणाले, "कानापाशी जरा जपून, वेन्डेल." मी दाढी केली. वस्तरा त्यांच्या गळ्यावर फिरत होता. 'असं करू नका, ती चांगली शिकवते' एवढं म्हणता आलं असतं. मी पावडर लावली.

सोमवारी तुला नोकरीवरून काढल्याचं समितीचं पत्र मिळालं. मंगळवारी सकाळी, न्याहारीच्या टेबलाशी, तू आईला विचारलंस, "तू सांगितलंस ना?" आई ओट्सची लापशी ढवळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, पण तिला कळलं. ती म्हणाली, "हो. मीच सांगितलं."

मी लापशी खात राहिलो.

तू कायमची शिकागोला निघालीस. तुझी गाडी गेल्यावर मी तिला विचारलं, "आई, असं का केलंस?" ती म्हणाली, "कुणावर तरी तिला रागवायचंच होतं. तुझ्यावर रागावली असती तर तिला पत्र कुणी लिहिलं असतं? मला लिहिता येतं का?" आणि मग म्हणाली, "दर महिन्याला लिही. चुकवू नकोस. आणि आलेलं मला वाचून दाखव."

मी दाखवलं, डेला. सात वर्षं, ती जाईपर्यंत. टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी, स्वतःची खोली, जिच्या दाराला आतून कडी होती, पहिल्यांदा मोटार चालवलीस आणि दुधाच्या गाडीला धडकलीस, ते सगळं. मोटारीचं तिने दोनदा वाचायला लावलं. तू तिच्याबद्दल लिहिलेल्या कडू ओळी मी गाळायचो. तिला ते कळायचं, कारण तिथे माझा आवाज अडायचा. ती म्हणायची, "पुढे वाच."

तिच्या दफनाला तू आली नाहीस. मी तुला दोष दिला नाही. देणार कोणत्या तोंडाने?

तू अनेकदा लिहिलंस, 'झालं ते बरंच झालं, नाहीतर मी त्या गावात सडले असते.' ते वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगत नाही. औषधासारखं वाचलं. पण नंतर तू पुन्हा कधी शिकवलं नाहीस, हेही मला माहीत आहे. रस्त्यात शाळेची पोरं दिसली की तू थांबतेस, हे मी शिकागोत डोळ्यांनी पाहिलंय.

बेचाळीस वर्षं मी तुला कवितेसारखी पत्रं लिहिली. तळं, चंद्र, टोमॅटो. एक वाक्य लिहायचं नव्हतं म्हणून बाकी सगळं लिहिलं. ते आता लिहितो. तुझी नोकरी मी घालवली, आणि तुझी आईसुद्धा.

फॉर्मचं काय करायचं ते कळव. आणि काहीच कळवलं नाहीस तरी मी समजेन.

तुझा,
वेन्डेल

टॅमरॅक लेक
शनिवार, १० सप्टेंबर १९६६

प्रिय डेला,
आशीर्वाद. ते घ्यावेसे वाटत असतील तर.

चार आठवडे होत आले. पोस्टमन मला बघून लांबूनच मान हलवतो. तू एरवी आठवड्यात उत्तर देतेस. मी दोष देत नाही. फक्त हे सांगायला लिहितोय की फॉर्म अजून कोरा आहे. तू 'नको'च म्हणालीस तर तो मी भरीन, पण माझी जागा आईच्या दुसऱ्या बाजूला आहे ती मी सोडून देईन. तिच्याजवळ झोपायचा हक्क मला आहे असं वाटत नाही.

टोमॅटो संपले. काल वाटलं, शिकागोला यावं. स्टेशनपर्यंत गेलोही, बाकावर बसलो, आणि परत

थांब, दारात कुणीतरी आहे.

डेला, घाईत लिहितोय, अक्षर लावून वाच. दारात एक अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी उभी आहे. कमरेपर्यंत मोकळे केस, पायात पुरुषी पँट. क्षणभर मला वाटलं, तूच उभी आहेस, मला वेड लागलं. ती म्हणाली, "वेन्डेल आजोबा ना? मी लिनेट. थीडाची मुलगी. मोटार मी चालवत आणली." तुझी नात, आणि मी तिला फोटोतही शेवटची पाहिली ती दुधाचे दात पडलेली.

मी म्हणालो, आत ये. ती म्हणाली, "नाही यायचं. आजी मोटारीत बसलीये. ती म्हणते, पत्रात कुणीही लिहील, ते त्याने माझ्यासमोर तोंडाने बोलावं. तोवर मी पाय खाली ठेवणार नाही. आणि नंतर आम्हाला दफनभूमीचा रस्ता दाखवा."

मी तिला म्हटलं, एवढं पत्र पुरं करतो. ती म्हणते, "ती बाहेर बसलीये आणि तुम्ही तिला पत्र लिहिताय? आजी म्हणालीच होती." काय म्हणाली होतीस ते विचारत नाही.

खिडकीतून तुझी हॅट दिसतेय. तू इकडे बघत नाहीस.

येतो. खरं बोलायची सवय नाही, अडखळलो तर पुढे जाऊ देऊ नकोस, पूर्ण बोलायला लाव.

तुझा अपराधी, तरी तुझाच
दादा