आहोंची दिवाळी

बोरवाडी, ता. जाफराबाद
८ ऑक्टोबर

सौ. विहीणबाई उषाबाई यांना कौसाबाईचा नमस्कार. वि. वि.

इकडं सगळं ठीक हाय. तिकडं ठीक हाय हे मला मोबाईलवर रोज दिसतं, आन् तेच माझं दुखणं हाय. फोन सोडून पत्र कामून लिहिलं म्हणताल, तर फोनवर शालू स्पीकर लावून पोळ्या लाटते. सुनेच्या कानावर पडत असताना तिच्या मायला टोमणे मारायची काही मजा न्हाई. पत्रात कसं, पोटभर मारता येतात.

परवा शालूनं कोजागरीचे फोटू धाडले. तुमच्या गच्चीवर दूध आटून राह्यलंय, व्याही पातेल्यात चंद्र बघून राह्यलेत, आन् माझी नात अर्पिता तुमच्या मांडीवर डोकं ठेवून. दोन वेण्या, लाल रिबिनी. त्या तुमी घातल्या हे सांगायची गरज न्हाई, शालूच्या हातची वेणी अशी ताठ बसत न्हाई. मी तो फोटू बोटानं मोठा केला, तुमाला कडंला सारलं आन् नुसती पोरगी ठेवून बघितली. तरी तुमचा हात मधी येतच व्हता.

तुमचं घर माझ्या लेकाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. भागवत सकाळची गाडी धरून जालन्याला कामावर, शालू तिच्या शिलाईच्या दुकानात, मंग दिवसभर दोन्ही लेकरं तुमचीच. बारकं तर दात घासता घासता तुमच्याकडं येतं, तोंडाला फेस तसाच, असं भागवत हसून सांगतो. त्याला काय जातंय हसायला. माझ्या छातीत जळजळ व्हते, सोडा पिऊनबी जात न्हाई. माझ्या वाट्याला वर्सातून दिवाळीची सुट्टी, तर यंदा तीबी बदनापूरलाच करायचं चाललंय म्हणं, कारण बोरवाडीत डास हायत. विहीणबाई, बदनापूरचे डास काय सलाम ठोकून जातात?

एक गोष्ट मात्र माझ्या पदरात पक्की हाय. भागवतनं पोराला आपल्या वारलेल्या बापाचं नाव ठेवलं. तुमी तेच नाव घेऊन खुशाल वरडता, चड्डी घाल, नाक पूस. व्हिडिओत ऐकलं मी. माझे मालक उभ्या जल्मात कोणाचं ऐकून नाक पुसले न्हाईत. ते नाव मी कधी घेतलं न्हाई, आताबी घेत न्हाई. म्हणून मी नातवाला आहो म्हणते. आन् आहो म्हणलं की चार वर्साचं पोरगं कसं छाती काढून बघतं, ते तुमाला कधीच बघायला मिळायचं न्हाई.

सुट्टी लागली की जल्दी धाडून द्या. लोभ हाय तेवढाच राहू द्या. वाढवला तर मला परत करावा लागंल.

तुमची,
कौसाबाई


बदनापूर
१३ ऑक्टोबर

श्रीमती विहीणबाई कौसाबाई यांना उषाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. आमचे हे म्हणाले वाच, मी डासांचं तेवढं वाचलं. इतके हसले की चष्मा चहात पडला.

तुम्हाला वाटतं मी इथं सुखात लोळते. धर्मराजला थालीपिठाला मधोमध भोक लागतं. आधी त्या भोकातून मला बघतो, मग खातो. भोक बुजलं की दुसरं थालीपीठ. अर्पिता बेरजा करताना स्वतःची बोटं संपली की माझ्या पायाची धरते, आणि मी गॅसपाशी उभी असले तरी हलायचं नाही असा हुकूम आहे. दुपारी या ऑक्टोबरच्या उन्हात दोघं पंख्याखाली झोपली की घर एवढं गप्प होतं, की कधीकधी मीच एखादं भांडं पाडते.

आता खरं ऐका. मीही तुमच्यावर जळते. वर्षभर नाकं मी पुसायची, औषधं मी पाजायची, वाईट मी व्हायचं. आणि तुम्ही दोन आठवडे गूळ-शेंगदाणे चारून पोरं जिंकायची. मागच्या दिवाळीहून आल्यावर अर्पितानं माझ्या वरणाला तुमच्या वरणाची सर नाही असं मला तोंडावर सांगितलं, तेही आमच्या ह्यांच्यासमोर. म्हणून यंदाचे डास हा बहाणा होता आणि तो शालूच्या डोक्यात मीच भरला होता. पण भागवतरावांनी ऐकलं नाही. शाळेला सुट्टी लागली की ते पोरं आणून सोडतायत. जिंका.

ते आहो मात्र जरा आवरा. मी ह्यांनाही तसंच बोलावते, घरात गोंधळ नको.

पोरं वेळेवर परत आली तर लोभ आहेच, नाही आली तर मी स्वतःच येईन.

आपली,
उषा


बोरवाडी
२६ ऑक्टोबर

सौ. विहीणबाईंना नमस्कार. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमाला जळवायला लिहून राह्यले, म्हणून आधी गार पाणी पिऊन घ्या.

सीताफळं मी सोयाबीनच्या कुटारात, त्या भुसकटात, पिकायला दडवून ठेवलीत. आहो सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी कुटारात हात घालतात आन् एकेक दाबून बघतात. मऊ लागलं की सदऱ्याखाली दडवून मागच्या दारी. मी बघून न बघितल्यावाणी करते. गुपचूप खाल्लेलं सीताफळ गोड लागतं, आन् त्या गालाला लागलेल्या बिया पुसायला मीच असते, तुमी न्हाई.

अर्पितानं पाडव्याला दारात शेणाच्या गवळणी, बारक्या बाहुल्या, केल्या. आधी नाक धरलं, मंग कोपरापर्यंत हात घातले. एका गवळणीला स्वतःची लाल रिबिन बांधली. तुमचीच असंल ती. आता गायीच्या गोठ्याजवळ वाळून राह्यली हाय.

कापूस वेचायला गेल्तो तर आहो माझ्या ओटीत जाऊन बसले. पोटाला बांधलेली ओटी, तिच्यात पोरगं, मंग कापूस टाकू कुठं? बाया हसून हसून वाकल्या. आता त्यांनी नवा खेळ काढलाय. हा येताना दिसला की सगळ्या डोक्यावर पदर घेतात आन् मालक आले, मालक आले म्हणतात. त्यानंबी हात वर करून बसा, बसा म्हणायचं शिकून घेतलंय. मच्छिंद्र जीपवाला त्याला पुढच्या सीटवर बसवतो आन् आहो, कुठं सोडू म्हणून इचारतो. मी पाट टाकून पहिलं ताट त्याला वाढते. काल भाजीत मीठ कमी हाय म्हणून ताट सारलं त्यानं. हे तर मी शिकवलं न्हाई. हे रक्तातूनच आलं.

गाव भरून गेलंय, विहीणबाई. एकटीच्या घराला एवढा आवाज सोसंल का असं वाटलं व्हतं, पण सोसून राह्यलं.

लोभ ठेवा, पण जरा जळका ठेवा, मला त्याचीच गोडी.

तुमची,
कौसाबाई

ति. उषाआजीस अर्पिताचा सा. न. आजी म्हणाली खाली चार ओळी तू लिही आणि आम्ही मजेत आहोत असं लिही. आम्ही मजेत आहोत. धर्मू आल्या आल्या तुझ्या थालीपिठासाठी खूप रडला. आजीनं भोकाचं करून दिलं तर म्हणाला हे भोक उषाआजीचं नाही. मग आजी मागच्या दारी जाऊन बसली आणि जेवली नाही. मग तिनं त्याला पाटावर बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं की याला आहो म्हणा. तेव्हापासून तो रडत नाही. हे लिहू नको असं आजी म्हणाली होती, पण जागा उरली होती आणि तिचा चष्मा सापडत नाहीये.


बदनापूर
७ नोव्हेंबर

श्रीमती विहीणबाईंना नमस्कार. वि. वि.

पोरं पोचली, काळी आणि जाडी होऊन. अर्पितानं खाली लिहिलेलं वाचून मला जो आनंद झाला तो मी लपवत नाही. पण आज हसायला पत्र लिहिलेलं नाही.

बालवाडीत तृप्ती मॅडम हजेरी घेतात. धर्मराज म्हटलं की हा गप्प. चार वेळा म्हटल्यावर उठून सांगितलं की धर्मराज माझे आजोबा होते, ते वारले, त्यांची हजेरी कशाला घेता, मी आहो. मॅडमचं नुकतंच लग्न झालंय, त्या भर वर्गात त्याला आहो कसं म्हणणार? बिचारी लाजून लाल झाली. घरी मी आहो, चहा घ्या म्हटलं की हा येऊन खुर्चीत बसतो आणि आमचे हे दारात उभे.

इथपर्यंत आम्हीही हसलो. परवा तो चेंडूमागे रस्त्यावर गेला. समोरून उसाचा ट्रॅक्टर. मी फाटकातून धर्मराज, धर्मराज म्हणून जीव तोडून ओरडले. विहीणबाई, त्यानं मान वळवली नाही. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या अकिबनं धावत जाऊन दंड धरून ओढला म्हणून वाचला. त्या घाईत मला आहो म्हणायचं सुचलं नाही.

शालू रडली आणि मग तिनं ठरवलं. जोवर तो स्वतःच्या नावाला ओ देत नाही, तोवर बोरवाडी बंद. संक्रांतीला नाही, उन्हाळ्यातही नाही. मला ऐकून आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरं बाराही महिने माझी. पण पोरगं माझ्याच हाकेला ओ देत नाही तर ते माझं कसलं? आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं, पेढा दाखवून पाहिला. तो म्हणतो बोरवाडीची आजी म्हणेल तेच माझं नाव.

तेव्हा तुम्ही या, आणि तुमच्या तोंडानं त्याला नावानं हाक मारा. दुसऱ्या कुणाचं तो ऐकणार नाही. हे लिहिताना माझी किती आग होतेय ते तुम्हीच जाणा.

लोभ सध्या बाजूला ठेवते, आधी या.

आपली,
उषा


बोरवाडी
११ नोव्हेंबर

सौ. विहीणबाईंना नमस्कार. वि. वि.

ट्रॅक्टरचं वाचलं आन् तव्यावरची भाकर तशीच जळून गेली. आज टोमणा न्हाई.

मी नाव घेऊन बघितलं. आधी चुलीपाशी, मंग गोठ्यात गायीसमोर, मंग रानात जाऊन. पहिलं अक्षर ओठापर्यंत येतं आन् मी पदर तोंडावर धरते. लग्नात घास देताना एकदा उखाण्यात घेतलं व्हतं, तेबी नणंदांनी चिमटे काढले म्हणून. तुमाला वाटंल म्हातारीचं जुनं येड. लोक काय म्हणतील त्याचं न्हाई हो मला काही. पोरी आता नवऱ्याला अरे म्हणतात, मला ऐकून गंमत वाटते.

माझं दुसरंच हाय. मी त्यांना नावानं कधी हाक मारली न्हाई. म्हणून मी हाक मारली आन् त्यांनी ओ दिली न्हाई असं आजवर झालं न्हाई. आता घसा फोडून त्यांचं नाव घेतलं आन् कोणीच बोललं न्हाई, तर मंग ते न्हाईत हे मला माझ्याच कानानं ऐकावं लागंल. पाच वर्सं मी ते टाळून राह्यले. पोरगं मिळालं तर आहो त्याला देऊन टाकलं, कारण तो लगेच ओ देतो. बस, इतकंच व्हतं माझं.

सोमवारी मच्छिंद्रच्या जीपनं येते. बालवाडीतच येते, घरी न्हाई. घरी तुमी सगळ्या बघत बसताल. तुमी आल्याच तर फाटकाच्या बाहेर थांबायचं.

लोभाचं आता तुमीच बघा.

कौसाबाई


बोरवाडी
२० नोव्हेंबर

सौ. विहीणबाई उषाबाईंना नमस्कार. वि. वि.

जीपीत मागं बसून आले, कंबर बिलकुल मोडली, पण पोचले. तुमी फाटकाबाहेर थांबल्या, त्याबद्दल आभार. कान मात्र आतच व्हते तुमचे. तरी आत काय झालं ते तुमाला बराबर कळलं न्हाई, म्हणून लिहून राह्यले.

पोरं मैदानात चिंचेखाली खेळत व्हती. मी तोंड उघडलं तर सवयीनं आहोच निघालं. तो माझ्याकडं पळत निघाला. मी तोंड फिरवलं, वळखच न्हाई असं केलं. तो जागेवर थांबला. लई वाईट दिसलं ते, विहीणबाई. मंग मी डोळे मिटले आन् म्हणलं, धर्मराज. आवाज एवढा फाटला की झाडावरचे कावळे उडाले. पोरगं काही बोललं न्हाई. मी परत म्हणलं, धर्मराज. तरी न्हाई. मला वाटलं, जे व्हायचं ते झालंच. तिसऱ्यांदा आवाजच निघाला न्हाई, नुसते ओठ हलले. आन् तेवढ्यात तो वैतागून ओ म्हणला. काय हाय, इतकी वरडू कामून राह्यली म्हणला.

मी तिथंच मातीत बसले. तुमाला वाटलं मी पडले, म्हणून तुमी फाटक लोटून पळत आल्या. पडले न्हाई. ऐकून राह्यले व्हते.

मंग तो मांडीवर येऊन बसला आन् मी जर धर्मराज, तर आहो आता कोणाचं, असं इचारलं त्यानं. मी सांगितलं, आजोबाचं. आधीपासून त्यांचंच, तुला नुसतं थोडे दिवस वापरायला दिल्तं. त्याला ते बिलकुल पटलं न्हाई. आजोबा तर न्हाईतच, त्यांना काय करायचंय म्हणला. मी म्हणलं, त्यांचं हाय ते त्यांनाच राहील. पोराचं तोंड एवढंसं झालं. रस्ताभर माझं बोट धरलं न्हाई, तुमचं धरलं. तुमी किती फुगून चालल्या ते मी बघितलं.

आन् भागवतच्या घरी गेल्यावर काय केलं ते तुमी बघितलंच. खुर्ची ओढली, वर चढला, आन् भिंतीवरचा त्यांचा फोटू भिंतीकडं तोंड करून फिरवून टाकला. शालू आतून धर्मराज म्हणून रागावली, तर खुर्चीवरूनच ओ दिली बघा कशी. तुमी दोघी त्याला बोलत व्हता आन् मला हसू आवरंना, म्हणून मी पदरात तोंड घालून न्हाणीत गेल्ते. रडत व्हते असं शालूला वाटलं असंल, वाटू द्या.

काय सांगू तुमाला. लग्न झालं तेव्हा गावातले लोक माझ्या मालकावर जळायचे, मी दिसायला बरी व्हते म्हणून. मंग ते म्हातारे झाले, वारले, आन् मेलेल्या माणसावर कोण जळतं? इतक्या वर्सांनी त्यांच्यावर जळणारं कोणी घरात निघालं. दोन दिवस तो फोटू तसाच राहू द्या, सरळ करू नका. त्यांनाबी जरा मजा घेऊ द्या.

संक्रांतीला पोरं धाडा. लोभ असू द्या, न्हाई तर भांडायला मला दुसरं कोणी न्हाई.

तुमची,
कौसाबाई धर्मराज