मालतीबाईंचा डावा गाल

३ फेब्रु. १९७८, वर्धा
दिवसभर संग्रहालयाच्या परिषदेत. नव्या दालनात पाच विद्वानांचे मोठे फोटो लावायचेत, चिटणीस बापूरावांनी काम मलाच दिलं. चौघं पुरुष छाती काढून बसले. पाचव्या मालतीबाई, नागपूरच्या. मूर्तिशास्त्रावर पुस्तकं, जन्म म्युझियममध्ये गेला. सकाळी भाषणात म्हणाल्या, तुटक्या मूर्तीला सिमेंटचं नाक लावणाऱ्याचे हात बांधून ठेवा. सगळे हसले, मी दिव्यांच्या वायरीत गुंतलेला. प्रत्येकाचे दोन घेतले. रीळ नीट सरकलं असेल ना?

६ फेब्रु.
रीळ ठीक. बाईंच्या दुसऱ्या फोटोत डोळे मिटलेले, म्हणजे एकच हाताशी. पाचही निगेटिव्हचं रिटचिंग उरकलं. सुरकुत्यांना पेन्सिल. उद्या प्रिंट.

८ फेब्रु.
घात झाला. प्रिंट वाळत होते. बायको शांता चहा घेऊन आली, परिषदेत तीही होती. म्हणाली, "अवो, बाईच्या गालावरचं कोड कुठं गेलं?"
मीच खरवडलं. पांढरा डाग निगेटिव्हवर काळा येतो, तो ब्लेडच्या टोकानं काढायचा. लग्नाच्या मुलींचे फोटो इतकी वर्षं असेच करतोय, बापांना सांगावंही लागत नाही. हात आपोआप चालला.
"काऊन पण? त्या का लग्नाले उभ्या आहेत?"
पेन्सिल पुसता येते. खरवडलेलं परत येत नाही. आणि नेमक्या याच, सिमेंटच्या नाकावर चिडणाऱ्या बाई!

९ फेब्रु.
बापूरावांना सांगून टाकलं. "तुले कोनं सांगतलं होतं? बाई भडकन, उद्घाटनाले पाहुण्यांसमोर माही इज्जत जाईन. डाग रंगव ना पेन्सिलीनं परत!"
रंगवून पाहिला. खऱ्या बाईच्या गालावर खोटं कोड. माझीच मला शिसारी आली. पुसला.

११ फेब्रु.
बाईंना पत्र. तीन कागद फाडले, शेवटी झालं तेच लिहिलं. पेटीत टाकलं.

१६ फेब्रु.
उत्तर आलं. "रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येते. दुसरा फोटो काढू. पहिला फेकू नका, पाहायचा आहे." राग आहे की नाही, अक्षरावरून कळेना. जेवण गेलं नाही. शांता : "खाऊन नाई टाकत त्या तुमाले."

१९ फेब्रु., रवि.
आल्या. आधी फोटो मागितला. मी माफीची वाक्यं पाठ केली होती, एकही आठवेना. खिडकीशी नेऊन पाहत राहिल्या. किती वेळ! बोट त्या गालावर, कागदावरच्या. स्वतःच्या नाही.
मग म्हणाल्या, "बाराव्या वर्षी आला हा डाग. त्याआधीचा माझा एकही फोटो नाही. आई असती तर तिला दाखवला असता."
शांतानं पाणी दिलं.
मग बसल्या. नवा फोटो घेतला, डागासकट. जाताना म्हणाल्या, "दालनात कुठला लावायचा ते पत्रानं कळवते. आज नाही सांगता येत."
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ फेब्रु.
पत्र नाही. रविवारचा फोटो झकास आलाय. बापूराव म्हणतात, "तोच लाव ना, विचारते कोण?" त्यांना नाही सांगितलं बाई काय म्हणाल्या ते. एकदा न विचारता केलंच आहे.

२५ फेब्रु.
उद्या उद्घाटन. चौघं भिंतीवर चढले, पाचवा खिळा रिकामा. पोस्टमन आला, समोरच्या दुकानात पत्र टाकून गेला, माझ्यासाठी काही नाही. बाई उद्या स्वतः येणार की नाही, तेही माहीत नाही.
दोन्ही फोटो फ्रेम केले. शांताला विचारलं, कुठला लावू? ती दोन्हींकडे बघून म्हणाली, "मले नका विचारू."
दोन्ही घेऊन जाईन. दालनाच्या दारातच थांबेन, बाई येऊन सांगेपर्यंत खिळा रिकामाच.